ओनो, वासना आणि हाउपिया : दूरस्थाच्या गोडाची मीमांसा

हवाईयन भाषेतील ‘ओनो’ या शब्दापाशी मेरी कावेना पुकुई आणि सॅम्युएल एल्बर्ट यांच्या कोशात दोन अर्थ शेजारीशेजारी दिलेले आढळतात. ‘चविष्ट’ हा एक आणि ‘एखाद्या पदार्थासाठी आसुसणे’ हा दुसरा. पदार्थाच्या ठिकाणी असलेला गुण आणि खाणाऱ्याच्या ठिकाणी असलेला अभाव यांना त्या भाषेने एकाच शब्दात बसविले आहे. उसाच्या मळ्यांवर घडलेल्या तेथील पिजिन बोलीनेही हा दुसरा अर्थ टाकून दिला नाही. त्या बोलीत माणूस एखाद्या पदार्थासाठी ‘ओनो’ होतो. मराठीत चव पदार्थाला असते आणि इच्छा माणसाला होते. दोहोंची घरे वेगळी आहेत. मात्र ‘अन्नावरची वासना उडाली’ हा आपला नित्याचा वाक्प्रयोग या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. ‘वासना’ हा शब्द घरगुती बोलण्यात भुकेचा, नीतिचर्चेत विकाराचा आणि रसचर्चेत सहृदयाच्या अंत:करणात सुप्त असलेल्या संस्काराचा वाचक आहे. हे तीन अर्थ मराठी समीक्षेने कधी एकत्र आणून पाहिलेले नाहीत. बेटांपासून हजारो किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसाला तेथील एखाद्या गोड पदार्थाची ओढ लागते, त्या अनुभवाचा विचार करू लागल्यावर मात्र ते एकत्र आणणे भाग पडते.

पदार्थ साधा आहे. हाउपिया म्हणजे नारळाच्या दुधात साखर आणि पिठी कालवून, मंद आचेवर ढवळून घट्ट केलेले आणि थंड झाल्यावर चौकोनी तुकडे पाडलेले पक्वान्न. तवकिरीच्या वड्या खाल्लेल्या मराठी वाचकाला त्याच्या पोताची थोडीफार कल्पना करता येईल. गोव्यातील वाचकाला त्यातील नारळाच्या दुधाचे अगत्य समजावून सांगण्याची गरज नाही. लूआऊच्या, म्हणजे तेथील मेजवानीच्या पानावर ते हमखास असते. त्याच्या शेजारी कधी कुलोलो असतो. अळकुडीच्या जातीचा कालो हा कंद किसून, नारळाच्या दुधात मिसळून, पानांत गुंडाळून इमू या जमिनीतील भट्टीत तासन्‌तास शिजवलेला हा तपकिरी, चिवट पदार्थ होय. आणि अलीकडच्या पिढ्यांच्या पानावर बटर मोची असते : जपानी चिकट तांदळाची पिठी, नारळाचे दूध आणि अमेरिकी लोणी यांचे एक घरगुती मिश्रण. कॅलिफोर्नियात किंवा नेवाडात राहणाऱ्या हवाईच्या माणसाला ज्याची आठवण छळते ते गोड या तिहींपैकी कोणतेही असू शकते. आठवण एकच, पण पदार्थ वेगळा असेल तर ती आठवण कोणत्या इतिहासात शिरते हेही बदलते.

खाद्यस्मृतीचा विषय निघाला की पाश्चात्त्य समीक्षा प्रूस्तच्या मादलेनपाशी जाते, आणि तिच्या मागोमाग आपलीही. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्वानच्या वाटेवर’ या खंडातील तो प्रसंग इतका उद्‌धृत झाला आहे की त्याची रचना काय आहे हेच विसरले जाते. प्रूस्तच्या निवेदकाला मादलेनची ओढ लागलेली नव्हती. तो थकून घरी आलेला आहे, आई चहा देते, नेहमीच्या सवयीविरुद्ध तो घेतो, आणि केकचा ओलावलेला तुकडा टाळ्याला लागल्यावर काहीतरी हलते. तेथे चव आधी आणि आठवण नंतर आहे. इच्छेला तर त्या प्रसंगात स्थानच नाही. किंबहुना निवेदक दुसरा, तिसरा घोट मुद्दाम घेऊन पाहतो तेव्हा परिणाम ओसरत जातो. याच प्रसंगाच्या एका आधीच्या आवृत्तीत मादलेनच्या जागी भाजलेल्या पावाचा साधा तुकडा होता, हेही अभ्यासकांना ठाऊक आहे. पदार्थ बदलला तरी प्रूस्तचे काम अडत नव्हते. दूरस्थाच्या ओढीची रचना नेमकी उलटी असते. आठवण आधी येते, चव जवळ नसते, आणि पदार्थ मात्र बदलून चालत नाही. हाउपिया हवा असलेल्या माणसासमोर दुसरे कोणतेही नारळाचे पक्वान्न ठेवले तर त्याचे समाधान होत नाही, उलट उणीव अधिक जाणवते. प्रूस्तच्या नावाखाली या दोन अनुभवांची सरमिसळ करणारे लेखन विपुल आहे. त्यातून अनैच्छिक स्मृतीचे तत्त्वज्ञान इच्छेने भरलेल्या स्मृतीला लावले जाते आणि दोन्हींचे नुकसान होते.

‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दाचा जन्मच एका वैद्यकीय प्रबंधात झाला. योहानेस होफर या तरुण वैद्याने १६८८ साली बाझेल येथे सादर केलेल्या या प्रबंधातील एका रुग्णकथेत पडून जखमी झालेली आणि रुग्णालयात ठेवलेली एक खेडवळ मुलगी आहे. ती अन्न आणि औषध दोन्ही नाकारते आणि घरी जायचे आहे एवढेच म्हणत राहते. म्हणजे या विकाराचे एक आद्य लक्षण अन्नावरची वासना उडणे हे होते. तीन शतकांनंतर तोच शब्द अन्नाच्या वासनेने ओळखला जाऊ लागला, ही उलटापालट थांबून पाहण्यासारखी आहे. सतराव्या शतकातील ती मुलगी घर मागते आणि अन्न नाकारते. विसाव्या शतकातील स्थलांतरित घरी परतण्याचा विचार सोडून देऊन अन्न मागतो. परतीची मागणी अन्नाच्या मागणीत रूपांतरित झाली आहे, आणि असे रूपांतर होऊ देणे सत्तेला, बाजारपेठेला आणि कधीकधी स्वत: स्थलांतरितालाही सोयीचे असते. ‘स्मरणरंजन’ हा मराठीत रुळलेला पर्याय ही सोय उघड करतो खरा, पण त्यातील ‘रंजन’ हे पद आधीच निकाल देऊन मोकळे होते. ज्या ओढीने माणसाचे रंजन होत नाही, तिला या शब्दात जागा नाही.

हवाईच्या बाबतीत निकाल देण्याची घाई दोन्ही बाजूंनी झालेली दिसते. रेचल लॉडन यांच्या ‘द फूड ऑफ पॅराडाइज’ (१९९६) या ग्रंथाने बेटांवरील खाद्यसंस्कृतीची उकल पॅसिफिक बेटांवरून आलेल्या, आशियातून आलेल्या आणि युरोप-अमेरिकेतून आलेल्या लोकांच्या परंपरांच्या थरांतून केली, आणि या थरांच्या मिश्रणातून घडलेल्या ‘लोकल’ अन्नाला अभ्यासाचा मान मिळवून दिला. हा ग्रंथ मोलाचा आहे. पण मिश्रण झाले असे म्हणताना ते कोणी, कोणत्या जमिनीवर आणि कोणाच्या पाण्यावर केले हा प्रश्न मागे पडू शकतो. मळ्यांसाठी चिनी मजूर १८५२ पासून, पोर्तुगीज १८७८ पासून आणि जपानी मोठ्या संख्येने १८८५ पासून आणले गेले. फिलिपिनो १९०६ पासून आले. डोंगरातले पाणी कालव्यांनी उसाकडे वळले आणि कालोची खाचरे कोरडी पडली. राणी लिलिउओकलानी हिची सत्ता १८९३ साली उलथवली गेली, १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन माध्यम हद्दपार झाले, १८९८ साली बेटे अमेरिकेस जोडली गेली. हाउपियातील साखर या घटनाक्रमाबाहेरची नाही. तो मळा इतका दीर्घायुषी ठरला की शेवटचा साखर कारखाना माउई बेटावर २०१६ सालच्या अखेरीस बंद पडला.

हौनानी-के ट्रास्क यांच्या ‘फ्रॉम अ नेटिव्ह डॉटर’ (१९९३) या निबंधसंग्रहाने दुसरी बाजू मांडली. पर्यटनाच्या उद्योगाने हवाईयन संस्कृतीची जी विक्री चालविली आहे तिचे त्यांनी केलेले वाचन कठोर आहे. ते कठोरच असायला हवे होते. या दृष्टीने पाहिले तर लूआऊच्या पानावरचा पांढरा चौकोनी तुकडा हा विक्रीस ठेवलेल्या आतिथ्याचा नमुना ठरतो. पुढे कँडस फुजिकाने आणि जोनाथन ओकामुरा यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने (२००८) हाच प्रश्न आशियाई वंशाच्या स्थानिकांकडे वळविला : मळ्यावर राबलेल्या पूर्वजांची वेदना खरी असली, तरी तिने आजचा वंशज मूळ रहिवासी ठरत नाही. बटर मोचीसाठी आसुसलेल्या माणसाची ओढ कानाका माओलीच्या ओढीशी एकरूप करता येणार नाही, हा या युक्तिवादाचा निष्कर्ष मान्य करावाच लागतो. तरीही त्यात एक उणीव राहते. ओढ कोणाची आहे हे ठरले की ती ओढ म्हणजे काय हे ठरले, असे तेथे गृहीत धरलेले दिसते. जीभ मात्र वंशावळ पाहून आसुसत नाही. तिची राजकीय जबाबदारी नाकारता येत नाही, आणि तिचा अनुभव केवळ त्या जबाबदारीत विरघळवूनही टाकता येत नाही.

हाउपियाचे नाव या संदर्भात पदार्थापेक्षा अधिक बोलके आहे. त्याच्या शेवटी ‘पिया’ ऐकू येतो. पिया म्हणजे पॉलिनेशियन दर्यावर्द्यांनी होड्यांतून बेटांवर आणलेल्या वनस्पतींपैकी एक. तिच्या कंदापासून तवकिरीसारखी पिठी निघते. पूर्वी हाउपिया याच पिठीचा होत असे. आज तो जवळजवळ सर्वत्र मक्याच्या पिठीचा, आपल्याकडे जिला कॉर्नफ्लॉवर म्हणतात तिचा होतो, आणि हे परदेशातच नव्हे, होनोलुलूतही. तेव्हा दूरस्थाला ज्या अस्सल चवीची आठवण येते त्या चवीतून तिचे नाव देणारी वस्तू केव्हाच गेलेली आहे. नाव उरले आहे आणि त्या नावात अभाव जतन झाला आहे. देरिदाच्या परिभाषेत याला ‘खूण’ म्हणण्याचा मोह होईल; तसे म्हणून फारसे काही हाती लागत नाही. अधिक उपयुक्त निरीक्षण असे की येथे अस्सलतेचा दावा करणारा आणि तो खोडून काढणारा, दोघेही पदार्थाच्या घटकांकडे पाहतात. आसुसलेला माणूस घटकांकडे पाहतच नाही. त्याला आठवते ती पिठी कोणती ही नव्हे, तर सुरीने कापताना किंचित थरथरणारा पोत, ओठांना लागणारा गारवा, आणि खारट, धुरकट मांसानंतर तो तुकडा तोंडात टाकण्याचा क्रम. आपल्याकडे देशीयतेच्या चर्चेत मुळाचा शोध अनेकदा घटकांच्या शोधात अडकला, आणि अमुक शब्द, अमुक छंद, अमुक प्रथा देशी की परकी अशी मोजदाद होत राहिली. हाउपियाचे उदाहरण त्या मोजदादीची मर्यादा दाखविते. घटक बदलूनही प्रथा टिकू शकते. घटक तसेच राहून ती मरूही शकते.

लोइस-ॲन यामानाका यांची ‘वाइल्ड मीट अँड द बुली बर्गर्स’ (१९९६) ही पिजिनमध्ये लिहिलेली कादंबरी या प्रश्नाला अनपेक्षित वळण देते. कथा १९७० च्या दशकातील हिलो येथील. तेथील बापाला ओढ आहे ती कौआई बेटावरच्या किपू या आपल्या बालपणाच्या जागेची. म्हणजे तो बेटांवरच आहे, आणि तरीही दूर आहे. त्याच्याही बापाने जपान सोडताना तेथली माती सोबत आणलेली होती. अपघाताने दृष्टी गमावलेल्या बापासाठी शेवटी मुलगी किपूला जाऊन पिशवीत माती भरून आणते. खाण्यापिण्याच्या तपशिलांनी गच्च भरलेल्या या कादंबरीत निर्णायक क्षणी लेखिका खाद्यपदार्थ वापरीत नाही, ही गोष्ट योगायोगाची नाही. आंधळ्या माणसाच्या हाती चव देणे तिला सहज शक्य होते. तिने माती दिली. हवाईयन भाषेत भूमीला ‘आइना’ म्हणतात आणि त्या शब्दात खाण्याचा धातू आहे : जी पोसते ती. कादंबरीतील जपानी वंशाच्या कुटुंबाला हा अर्थ वारशाने मिळालेला नाही, पण त्यांची कृती त्या अर्थाच्या अगदी जवळ जाऊन थबकते. वर उल्लेखिलेल्या वसाहतविषयक युक्तिवादाने या थबकण्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते. कानाका माओलींच्या कथनपरंपरेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे. जन्मत:च मृत झालेल्या पहिल्या हालोआला पुरले तेथून तो उगवला आणि दुसरा हालोआ मनुष्य झाला. तेव्हा कुलोलो खाणे हा नात्याचा व्यवहार आहे. दूरदेशी कुलोलोसाठी आसुसणारा कानाका माओली आणि किपूच्या मातीसाठी आसुसणारा मळेकऱ्याचा मुलगा यांच्यात साम्य आहे ते ओढीच्या तीव्रतेत. नात्याच्या दाव्यात नाही. कादंबरी हे दोन्ही एकाच वेळी सांगू शकते, कारण ती दावा करीतच नाही.

श्वेतलाना बॉयम यांनी २००१ साली मांडलेला भेद, म्हणजे गमावलेले घर पुन्हा उभारू पाहणारा आणि गमावलेपणातच रेंगाळणारा असे नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार, आता पाठ्यपुस्तकांत स्थिरावला आहे. परंतु परमुलखात हाउपिया करणारा माणूस यांपैकी कोणत्या वर्गात बसतो? तो डबाबंद नारळाचे दूध आणतो, मक्याची पिठी घालतो, काचेच्या भांड्यात वड्या पाडतो. पुनर्निर्माण करावे तर तो बदली वस्तूंनी करतो, आणि त्या बदली आहेत हे त्याला पक्के माहीत असते. केवळ रेंगाळावे तर तो प्रत्यक्ष पातेले चुलीवर चढवितो आणि खाऊन संपवितो. खाणे ही अशी कृती आहे की तीत वस्तू हाती येते आणि त्याच क्षणी नाहीशी होते. चित्रे, पत्रे, छायाचित्रे यांवर आधारलेले नॉस्टॅल्जियाचे सिद्धांत येथे तोकडे पडतात, कारण त्या वस्तू पाहून संपत नाहीत.

भारतीय साहित्यशास्त्राकडे वळावे ते याच टप्प्यावर, आणि सावधपणे. रसाची कल्पना भरताने जेवणाच्या दृष्टांताने समजावली हे सर्वश्रुत आहे. नाना व्यंजनांनी संस्कारित अन्न खाणारा सुमनस् पुरुष आणि नाट्याचा प्रेक्षक यांची तेथे तुलना आहे. पण त्या दृष्टांतातील माणूस जेवत असतो. त्याच्या पुढ्यात ताट आहे. ताट नसलेल्या माणसाला शास्त्रात जागा हवी असेल तर ती व्यभिचारी भावांत शोधावी लागते : स्मृती आणि औत्सुक्य. सदृश वस्तूच्या दर्शनाने स्मृती जागते आणि प्रियजनाच्या वियोगाच्या स्मरणाने औत्सुक्य, ही भरताची मांडणी परमुलखातील बाजारात नारळ पाहून थबकणाऱ्या माणसाला तंतोतंत लागू पडते. मात्र हे भाव ‘व्यभिचारी’ आहेत. ते येतात आणि जातात. त्यांना रसत्वाला नेणारा स्थायी भाव कोणता? रती म्हणावे तर विषय माणूस नाही. येथे रसव्यवस्था ताणून पदार्थाला नायिका करणे हास्यास्पद होईल, आणि आपल्या समीक्षेत असे ताणणे पुष्कळ झालेले आहे.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांतील ताण मांडला. अन्नाची ओढ उघडच लौकिक आहे. कांटने तर जिभेचे सुख सौंदर्याच्या कक्षेबाहेर ठेवले. मद्य मला आवडते एवढेच म्हणता येते, सर्वांनी ते आवडून घ्यावे असा आग्रह धरता येत नाही. तरीही निर्वासितांच्या आणि स्थलांतरितांच्या लेखनात नेमका असा आग्रह धरला जातो. पाककृती लिहिणारा लेखक वाचकाला सांगतो की हे असेच असते, असेच लागायला हवे. हा कांटने नाकारलेला सार्वत्रिकतेचा दावा आहे, फक्त तो एका समूहापुरता केलेला. अनिता मन्नूर यांनी दक्षिण आशियाई स्थलांतरितांच्या लेखनाच्या संदर्भात या दाव्यामागील राष्ट्रवादाची झडती घेतली, आणि साऊ-लिंग वाँग यांनी फ्रँक चिनकडून घेतलेल्या ‘खाद्य-अश्लीलता’ या संज्ञेने आपल्याच अन्नाचे परकेपण विकून उपजीविका करण्यावर बोट ठेवले. या दोन्ही टीका आवश्यक होत्या. परंतु पाककृती हा लेखनप्रकार केवळ बाजारासाठी नसतो. परदेशी निघालेल्या मराठी मुलींच्या सामानात कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ (१९७०) असे, ती विकण्यासाठी नव्हे. प्रमाण, वेळ, भांडे यांची ती कोरडी भाषा ओढीबद्दल एक अक्षरही बोलत नाही. म्हणूनच ओढ असलेल्या माणसाला ती वाचवते. शिवाय सगळ्यांनाच गोड आठवण नसते हेही येथे नोंदविले पाहिजे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ज्याने वाचले आहे त्याला खाद्यस्मृती म्हणजे सुखस्मृती हे समीकरण पुन्हा सहजपणे मांडता येणार नाही.

आता वासनेकडे परतता येईल. दुष्यंत हंसपदिकेचे गीत ऐकतो आणि कोणाचाही वियोग झालेला नसताना व्याकूळ होतो. कालिदासाच्या त्या प्रसिद्ध श्लोकाचे विवेचन करताना अभिनवगुप्त एक सूक्ष्म भेद करतो. ही स्मृती तार्किकांची स्मृती नव्हे, कारण तिचा विषय पूर्वी अनुभवलेला नाही; ती साक्षात्काराच्या स्वरूपाची आहे. अर्जुन अप्पादुराई यांनी फिलिपिनो लोकांच्या अमेरिकी गाण्यांवरील प्रेमाबद्दल लिहिताना ‘स्मृतीविना नॉस्टॅल्जिया’ अशी कल्पना मांडली, आणि तीत विडंबनाची छटा आहे : ज्याचे काही हरवलेच नाही त्याने हळहळावे. अभिनवगुप्ताच्या लेखी मात्र असा अनुभव हा दोष नाही. आस्वादाची शक्यता त्यावरच उभी आहे. दोघे एकाच घटनेकडे पाहत आहेत असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. एकाला जागतिक बाजाराने घडविलेली इच्छा दिसते, दुसऱ्याला अनादी संस्कार. तरीही या दोन वर्णनांमधील अंतर हवाईच्या संदर्भात आज फार व्यावहारिक झाले आहे.

२०२० च्या अमेरिकी जनगणनेनुसार मूळ हवाईयन म्हणून नोंद झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक हवाई राज्याबाहेर राहतात. घरांच्या किमती आणि रोजगार यांनी त्यांना मुख्य भूमीवर लोटले. लास व्हेगासला ते ‘नववे बेट’ म्हणतात. आठ मुख्य बेटांच्या मालिकेत वाळवंटातले एक शहर बसविणारी ही विनोदी संज्ञा पुरती विनोदी नाही. युटातील वाळवंटात १८८९ साली वसलेले इओसेपा हे हवाईयन गाव १९१७ पर्यंत ओस पडले आणि तेथील बहुतेक लोक बेटांवर परतले. नवव्या बेटावरून तसे परतणे घडेल असे चिन्ह नाही. तेथे जन्मलेल्या मुलाने हाउपिया पहिल्यांदा खाल्ला तो डबाबंद दुधाचा आणि मक्याच्या पिठीचा, वातानुकूलित सभागृहातील एखाद्या मेजवानीत. पुढे ते मूल महाविद्यालयासाठी आणखी पूर्वेकडे गेले आणि त्याला त्या पदार्थाची ओढ लागली, तर त्याची जीभ ओआहूकडे वळेल की नेवाडाकडे? बेटांविषयीची त्याची ओढ ऐकीव आणि हाउपियाविषयीची अनुभवाची. एक अप्पादुराईंची, दुसरी होफरच्या रुग्णाची, आणि दोन्ही एकाच तुकड्यात. कधी तरी होनोलुलूत ताज्या नारळाचा, पियाच्या पिठीचा हाउपिया त्याच्यापुढे आला, तर चवीत काहीतरी चुकले आहे असे त्याला वाटण्याचा संभव पुष्कळ आहे. त्या वेळी त्याच्या जिभेला चूक ठरविण्याचा अधिकार कोणाला, हे पुकुई-एल्बर्ट यांचा कोश सांगत नाही. ‘ओनो’चे दोन अर्थ तेथे एकमेकांना न खोडता शेजारीशेजारी उभे आहेत.